वहीतसुद्धा आधी खोटंच लिहिलं

गेल्या दिवाळीच्या आधी माझी वहिनी वारली. जालन्यात, माझ्या मोठ्या भावाच्या घरी. तेराव्याची माणसं पांगल्यावर आम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसलो होतो. तो चप्पल पायानं इकडेतिकडे सरकवत म्हणाला, "शेवटपर्यंत एकच धरून बसल्ती ती. माझ्या दुखण्यापायी बाग गेली, म्हणायची. मी म्हणायचो, तुझ्यामुळं न्हाई गं, माझ्या हातालाच झाड लागत न्हाई. पण तिला काही पटलं न्हाई."

मी मान हलवली. दुसरं काही केलं नाही. पण गावी परत आलो तेव्हापासून माझी झोप बिघडली. जेवण कमी झालं. बायकोवर विनाकारण ओरडायला लागलो. अंबडच्या डॉक्टरनं छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं. वयाच्या मानानं तुम्ही ठणठणीत आहात, असंही म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

माझी मुलगी संभाजीनगरला शाळेत शिकवते. ती सुट्टीत आली तेव्हा तिनं कपाटातून एक डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. बियाण्याच्या दुकानदारानं दिलेली. आमच्या जालना जिल्ह्यात बियाण्याच्या कंपन्या इतक्या, की शेतकऱ्याच्या घरात डायऱ्यांना तोटा नाही. पोरांचे पाढे, दुधाचा हिशोब, कशालाही त्या वापरल्या जातात.

"रोज सकाळी चहा झाला की एक पान लिहायचं," ती म्हणाली. "कुणाला दाखवायचं नाही. मीसुद्धा मागणार नाही."

"काय लिहू?"

"मनात असेल ते."

"माझ्या मनात काय असायचंय? हरभरा."

"मग हरभऱ्यानं सुरुवात करा. फक्त एक अट आहे बाबा. लिहिलेलं पान फाडायचं नाही आणि खोडायचंही नाही. चुकलं असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतो. पण स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे काय करायचं, हे काही उमगेना. त्या डायरीच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला पाऊस, पाणी, फवारणी असे रकाने छापलेले होते. मी ते इमानदारीनं भरले. महिनाभर माझी डायरी अशी होती: हरभऱ्याला घाटे धरले. वीज दुपारी आली. पंपाचा वॉशर बदलला. गाय आटली.

बायको जाता-येता टोमणे मारायची. "काय हो, चित्रगुप्तावानी काय लिहून राह्यलात? माझं काही लिहिलं का त्यात?"

"तुझ्यासाठी वेगळी डायरी लागंल."

"मंग आणा की. दुकानदार फुकट देतो."

मुलगी फोनवर विचारायची, लिहिता का? मी म्हणायचो, लिहितो. काय लिहिता, असं तिनं शब्दाप्रमाणे कधी विचारलं नाही. पण एकदा म्हणाली, "बाबा, दिवसभरात एखादी गोष्ट नको वाटली असेल, तर तेवढी लिहा. का नको वाटली, ते लिहा. बस."

दुसऱ्याच आठवड्यात तशी गोष्ट घडली. भावाची सून जालन्याहून एकटीच आमच्याकडे आली. ती राजूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. बोलायला मोकळी आणि कामाला वाघीण. तिचा नवरा, म्हणजे माझा पुतण्या, जालन्यात खासगी नोकरी करतो. तिनं पाणी पिण्याआधीच विषयाला हात घातला.

"काका, माळावरच्या रानात मला मोसंबी लावायचीय. ह्यांची तयारी आहे. माझ्या भावांनी लावलीय, मला त्यातलं सगळं कळतं. पण मामा न्हाईच म्हणतात."

मामा म्हणजे तिचे सासरे. माझा भाऊ.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, आपल्या घराला बाग धार्जिणी न्हाई. कपाशी लावा, सोयाबीन लावा, झाड लावायचं न्हाई. अहो, मी कढीपत्त्याचं रोप रंगाच्या डब्यात लावलं, तर त्याला ते पाणीसुद्धा घालत न्हाईत. माझा हात लागला की वाळंल म्हणतात. असं कुठं असतंय का?"

"नसतंय," मी म्हणालो.

"मंग तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील. तुम्हाला माहितीय त्या वेळी काय झाल्तं ते."

मला माहीत होतं. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन डायरी उघडली. मुलीनं सांगितल्याप्रमाणे, काल काय नको वाटलं ते लिहायला बसलो. लिहिलं: "सून आली होती. बागेचं विचारत होती. दादाची बाग त्या वर्षी विहिरीचं पाणी तळाला गेल्यामुळे वाळली."

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि ते वाक्य वाचलं. आणि माझाच मला धक्का बसला. ही वही कुणी वाचणार नव्हतं. मुलगी मागणार नव्हती, बायकोला चष्म्याशिवाय दिसत नाही. तरी मी त्यात खोटं लिहिलं होतं. तीस-पस्तीस वर्षं लोकांना जे सांगत आलो तेच हातानं आपोआप उतरवलं होतं. मला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की ते खोटं आहे हे आठवायलासुद्धा थोडा वेळ लागला.

पान फाडायचं नव्हतं. खोडायचंही नव्हतं. मी डायरी मिटली आणि रानात निघून गेलो.

आता बागेची हकीकत सांगतो. मोसंबीला फूल आणायचं तर आधी तिचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. कार्तिक सरला की पाणी बंद करायचं, झाड उपाशी ठेवायचं. पानं पिवळी पडून थोडी गळायला लागली की समजायचं, झालं. मग हलकं पाणी द्यायचं, त्यापुढचं जरा जास्त, असं करत झाडाला परत पाण्यावर आणायचं. झाड फुलानं भरून जातं. पण ताण किती द्यायचा हे जमिनीवर असतं. काळ्या रानात झाड जास्त दिवस दम धरतं. माळावर, जिथं हातभर मातीखाली मुरूम लागतो, तिथं चार दिवस इकडचे तिकडे झाले की झाड जातं.

आमची विहीर सामाईक. वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आम्हा दोघांना रान वाटून दिलं तेव्हा पाण्याच्या पाळ्याही वाटून दिल्या. काही दिवस दादाचे, काही माझे. अमावस्येला पंप बंद, विहिरीला विसावा. काळं रान माझ्या वाट्याला आलं. दादाच्या वाट्याला माळ आला, आणि त्या माळावर त्यानं मोसंबीची बाग उभी केली. अण्णा पाहुण्यांना मुद्दाम ती दाखवायला न्यायचे. माझ्या रानावरून जाताना थांबायचे नाहीत.

ज्या वर्षाची गोष्ट, त्या वर्षी दादानं बागेचं पाणी तोडलं आणि त्यानंतर वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. औरंगाबादला, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, तिचं ऑपरेशन ठरलं. निघताना तो मला म्हणाला, "ताण चालूय तोवर माझ्या पाळीचं पाणी तू घे. पानं गळायला लागली की हलकं पाणी सोड. माझी वाट बघू नको."

मी त्या वर्षी कांद्याचं बी धरलं होतं. बियाण्याच्या कंपनीचा प्लॉट. कांद्याला दांडे आले होते, गोंडे फुटत होते, आणि अशा वेळी त्याला पाणी कमी पडून चालत नाही. दादाच्या पाळीचं पाणी मला फार उपयोगी पडलं. त्यानं आपण होऊन दिलेलं पाणी, त्यात काही चूक नव्हती. मग बागेची पानं पिवळी पडली. गळायलाही लागली. मी बांधावर उभं राहून बघितलं आणि मनात म्हणालो, एक पाळी आणखी घेतो. झाडं दम धरतील.

वहिनीचं दुखणं लांबलं. टाक्यात पू झाला. गावातला एकजण दवाखान्यात भेटून आला तेव्हा दादानं त्याच्याकडून विचारायला सांगितलं होतं, बागेला पाणी सोडलं का? मी त्याला म्हणालो, "सोडलं म्हणून सांग. बिलकुल काळजी करू नको म्हणावं." तो परत जाणार होता, त्यानं तसं सांगितलं.

मी पाणी सोडलं ते त्यानंतर. तेही घाबरून, पाट भरभरून. ज्या झाडाला आधी घोटभर द्यायचं त्याला मी बुडवलं. उरलीसुरली पानंही गळाली. शेंडे वाळले. फूल आलं नाही. उन्हाळ्यापर्यंत माळावर जळण उभं राहिलं.

दादा वहिनीला घेऊन परत आला त्या दिवशी अण्णा अंगणात बसले होते. शेजारपाजारचे, भावकीतले लोक वहिनीला बघायला आले होते. सगळ्यांसमोर अण्णा दादाला म्हणाले, "झाडाला ताण देऊन बायकोपाशी जाऊन बसला. ज्याला झाडाची वेळ कळत न्हाई त्यानं बाग करू नये. तुझ्या हाताला यश न्हाई." वहिनी दारात भिंतीला धरून उभी होती. दादा माझ्याकडं बघत होता, म्हणजे मी काही सांगेन म्हणून वाट बघत होता. मी म्हणालो, "एक पाणी दिलं अण्णा, मग विहिरीनं तळ गाठला. पाणीच नव्हतं."

अण्णा म्हणाले, "मंग तुझा कांदा कशावर आला?" आणि पुढं स्वतःच म्हणाले, "काळं रान है ते. धरतंय ओल." माझं खोटं त्यांनीच पुरं केलं. दादानं पुढच्या वर्षी बागेची झाडं स्वतःच्या हातानं तोडली आणि जालन्याला सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी धरली. जमीन मला बटईनं दिली. अर्धं पीक त्याचं, अर्धं माझं. त्याच्या वाट्याचं पोतं मी दरवर्षी बरोबर पोचवत आलो. त्यात कधी खोट केली नाही. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

हे सगळं मी इथं सरळ लिहितो आहे, पण डायरीत ते असं उतरलं नाही. पहिल्या दिवशीचं खोटं वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं की पाणी सोडायचं माझ्या ध्यानातून गेलं. तेही खोटं होतं, पण पहिल्यापेक्षा कमी. चारदोन दिवसांनी लिहिलं की कांद्यासाठी मी पाणी ओढलं. तेव्हा मला वाटलं, झालं, आलं बाहेर. पण छातीवरचं ओझं काही हललं नाही. मग एका सकाळी हरभऱ्याची मळणी चालू होती, बायका रानात गेलेल्या, घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी पुन्हा लिहायला बसलो. आणि या वेळी अण्णा अंगणात बोलले ते लिहिलं. दादा माझ्याकडं बघत होता ते लिहिलं. आणि त्या वेळी मला बरं वाटलं होतं, हेही लिहिलं. अण्णांच्या तोंडून दादाला बोलणी बसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला ते ऐकत राहावंसं वाटलं. पाणी चोरल्यापेक्षा हे मोठं होतं, आणि एवढी वर्षं मी पाण्याच्याच चोरीकडं बघत बसलो होतो.

लिहून झाल्यावर मी बराच वेळ रडलो. म्हातारपणी माणसाला रडायची लाज वाटते, म्हणून डोळ्यात भुसा गेल्याचं सांगायचं ठरवलं. पण बायको आली आणि तिनं काही विचारलंच नाही. मीच तिला सगळं सांगितलं.

ती सूप हातात घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "बागेची पानं गळत होती तरी दादांच्या पाळीच्या दिवशी कांद्यात पाट वाहताना मी बघितल्ता."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोललात का?"

सूप कोपऱ्यात ठेवत तीच म्हणाली, "वहिनींना सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आता दादांचं तरी ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जालन्याला गेलो. डायरी सोबत घेतली नाही. कुणाला वाचून दाखवायची ती वस्तू नव्हती. तिचा उपयोग होऊन गेला होता. काय बोलायचं ते मला आता पाठ होतं, आणि पाठ असूनही खरं होतं.

दादा दारात खुर्ची टाकून बसला होता. सून आत भाकरी थापत होती. मी बसलो, पाणी प्यालो आणि लगेच म्हणालो, कारण थांबलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो.

"दादा, बागेचं सांगायला आलो."

"हिनं पाठवलं का तुला?" त्यानं आत मान वळवली. "न्हाई म्हणजे न्हाई. आपल्याला बाग लागत न्हाई."

"लागत होती. तुझी बाग तू घालवली न्हाईस. म्या घालवली."

मग मी सांगितलं. विहिरीला पाणी होतं. त्याच्या पाळ्या मी कांद्याला घेतल्या. त्यानं निरोप पाठवला तेव्हा मी खोटं सांगितलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मग दादानं जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पहिलं पाणी कसं दिलंस?"

"भरून दिलं."

"भरून?"

"पाट भरून."

"ताणावरल्या झाडाला पाट भरून?" तो खुर्चीतून उठला. "अरे गाढवा, अक्कल गहाण टाकल्ती का? उशिरा का होईना, हलकं दिलं असतंस तर अर्धी झाडं वाचली असती! एवढंबी कळू नये तुला? अण्णांनी काय शिकवलं तुला?"

अण्णांचं नाव निघालं आणि तो थांबला. त्याचा आवाज खाली आला.

"आन् अण्णा बोलले तेव्हा?"

"मी तिथंच होतो."

"तू तिथं होतास, मला माहितीय. मला पाण्याचा तांब्या तूच आणून दिल्तास." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "अण्णा जाईपर्यंत तसंच समजून गेले. हीबी गेली."

"हो."

"आता सांगून राह्यला."

"हो."

त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला. मी तसाच बसून राहिलो. सून बाहेर आली, हाताला पीठ तसंच होतं. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल आणि ते ऐकून घ्यावं लागेल. ती म्हणाली, "काका, जेवून घ्या. मामा चिडले की चौकापर्यंत जातात. येतील."

"मला जेवण जायचं न्हाई."

"मंग चहा घ्या. पण बसा. पळून जाऊ नका आता."

मी चहा घेतला. दादा खूप उशिरा आला. हातपाय धुतले, खुर्चीवर बसला, आणि म्हणाला, "तुझी गाडी किती वाजता आहे?" म्हणजे जा. मी उठलो. पायावर हात ठेवायला वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. दादानं माफ केलेलं नव्हतं, करेल असंही काही दिसत नव्हतं. तरी मला हलकं वाटत होतं. पुढच्या बाकावरचं लहान लेकरू शेंगा खात होतं आणि टरफलं माझ्या मांडीवर टाकत होतं. मी ती गोळा करून खिडकीतून फेकत होतो. आणि मग मला झोप लागली. इतकी गाढ, की माझं गाव आलं आणि गेलं. कंडक्टरनं दंडाला धरून हलवलं तेव्हा बस गोदाकाठच्या शहागडला उभी होती आणि बाहेर ट्रकांची रांग लागली होती.

"आजोबा, कुठं उतरायचं होतं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"ते तर मागं गेलं. मी दोनदा ओरडलो."

मला हसू आलं. कंडक्टरला वाटलं असेल, म्हातारा भ्रमिष्ट आहे. एका टेम्पोवाल्यानं मला परत आणून सोडलं. दारात बायको उभीच होती. मी शहागडला जाऊन आलो म्हटल्यावर ती म्हणाली, "जालन्याला पाठवलं तर गोदावरी बघून आले! काय म्हणाले दादा?"

"गाढव म्हणाला."

"बरं झालं. कुणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं."

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. मीही केला नाही. रोज सकाळी लिहीत मात्र राहिलो. आता छापलेले रकाने भरत नव्हतो. त्या दिवसांत मला एक कळलं. लिहिण्यानं माझी चूक लहान झाली नाही, पण तिला कडा आल्या. आधी ती घरभर पसरलेल्या धुरासारखी होती. जेवताना, झोपताना, पोतं पोचवताना, सगळीकडं. आता ती एका जागी होती. ही माझी, ही अण्णांची, हे वहिनीचं दुखणं, ज्याचा यात काहीच दोष नव्हता. वहिनीसाठीसुद्धा मी एक पान लिहिलं. ते तिला पोचणार नाही हे ठाऊक असून लिहिलं. ते ओझं तसंच राहिलं आहे, आणि ते राहावं असंच मला वाटतं.

वैशाखात, उन्हं अगदी डोक्यावर असताना, दादा सुनेसोबत गावात आला. माझ्या घरी न येता आधी थेट माळावर गेला. मला कुणीतरी सांगितलं तसा मी टॉवेल डोक्याला गुंडाळून तिकडं गेलो. तो टिकाव घेऊन स्वतः जमीन उकरत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. सून म्हणत होती, "मामा, मी खणते ना." तो ऐकत नव्हता.

मी जवळ गेल्यावर त्यानं ढेकूळ उचलून माझ्यापुढं धरलं. "बघ. मुरूम वरच आहे. इथं ताण जास्त चालत न्हाई. हे मला तेव्हाबी ठाऊक होतं. मी बराबर सांगून गेल्तो."

"बराबर सांगून गेल्तास."

"मला वाटत राह्यलं, माझंच चुकलं असंल. पाणी लवकर तोडलं असंल. कारखान्यात काट्यावर उभा राहून तेच मोजत बसायचो, किती दिवस झाल्ते, काय झाल्तं." त्यानं ढेकूळ चुरडून खाली टाकलं. "तुला माफ केलं असं मी काही म्हणणार न्हाई. ते तिनं म्हणायचं होतं."

"बरं."

"पण बाग लावतो. हिला लावायचीय म्हणून न्हाई. मला लावायचीय."

सून माझ्याकडं बघून हसली आणि लगेच तोंड फिरवून पदरानं घाम पुसायला लागली.

"आणखी एक," दादा म्हणाला. "लावणीला भावकी येईल. अण्णा चार लोकांत बोलले होते. तूबी चार लोकांत सांग."

पाऊस स्थिरावल्यावर खड्डे भरून तयार झाले. कलमं ट्रॉलीतून आली. त्या सकाळी माळावर भावकीतले दहाबारा लोक होते. नारळ फोडायच्या आधी मी सांगायला उभा राहिलो. आवाज नीट निघाला. विहिरीला पाणी होतं, म्हणालो. अण्णा चुकीच्या माणसाला बोलले. माझं अर्धं सांगून झालं तेव्हा एक म्हातारे चुलते मधेच म्हणाले, "जाऊ द्या हो आता. झालं गेलं. वर्षं किती लोटली."

"का जाऊ द्या?" दादा म्हणाला. "बोलू द्या त्याला पुरं. मला ऐकायचंय."

मग मी पुरं सांगितलं. तांब्याचंही सांगितलं, आणि दादाला बोलणी बसताना मला बरं वाटलं होतं तेही. पोरांपैकी एकानं मोबाइल काढला होता, त्याला त्याच्या आईनं हातावर चापट मारली. मग दादानं नारळ फोडला.

पहिलं कलम सुनेनं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खड्ड्यात सरळ धरलं, माती ओढली, टाचेनं दाबली. मी ट्रॉलीतून कलमं आणून देत होतो. बायको आणि सून मागून बादलीनं पाणी घालत होत्या. मी एक बादली उचलली तशी दादा ओरडला, "तू ठेव ती! पाणी तू घालू नको!"

सगळे हसले. दादाही हसला. मी बादली खाली ठेवली आणि मलाही हसू आवरेना.

दुपारी लिंबाखाली डबे उघडले. दादा माझ्याशेजारी बसला. कांदा मुठीनं फोडत म्हणाला, "मोटारीच्या पाळ्या कशा ठेवायच्या?"

"तू म्हणशील तशा."

"तसं न्हाई. वाटून. तुझ्या दिवशी तू, माझ्या दिवशी मी. मी सोमवारी येत जाईन जालन्याहून."

"दर सोमवारी? उन्हातान्हात, बसनं?"

"मंग काय तुझ्यावर सोडू?"

बायकोनं त्याच्या भाकरीवर ठेचा वाढला. तो म्हणाला, आणखी वाढ.